शुक्रवारच्या कोऱ्या ओळी

दमियात, रविवार, १८ ऑक्टोबर १९८७

बिस्मिल्लाह.

भाऊ वग्दी,

सलाम. सहा वर्षांत मी तुला चार पत्रं लिहिली आणि एकही पोस्टात टाकलं नाही. तेवढीच तिकिटं वाचली. हे मात्र टाकणार आहे. कुवेतचा पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीने दिला, पण पाव किलो मशब्बक घेतल्याशिवाय तोंड उघडलं नाही तिने. वर म्हणते कशी, "चिक्कू दमियातची बाई मिठाई घेऊन आली म्हणजे काम तसंच मोठं असणार!"

घरी सगळं ठीक आहे. हिशाम सैन्यात आहे, इस्माइलियाला, महिन्यातून एकदा येतो आणि आठवड्याचं जेवून जातो. यंदाचं चीज जरा खारट झालं. हुस्नी गेल्याचं तुला कळलं असेल. माझा दीर खरा, पण माझ्या हाताखाली वाढला. यकृताचं दुखणं होतं, वर्षभर अंथरुणावर होता, मार्चमध्ये सुटला. मागे करीमा आणि दोन मुली, मोठी आठ वर्षांची.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू गेल्यापासून लाकडाच्या वखारीची रोजकीर्द आणि खतावणी मीच लिहिते. यांना बाहेरचा कारकून नको होता, आणि मला पगार द्यावा लागत नाही. रोजचे व्यवहार तारखेने कीर्दीत लिहायचे, महिन्याच्या शेवटी एकेक ओळ उचलून ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायची. व्यापारी शाळेत शिकले तेवढंच येतं, पण चुकत नाही. बाबांची शिस्तही मी सोडलेली नाही. पानाच्या माथ्यावर बिस्मिल्लाह, आणि शुक्रवारी वखार बंद म्हणून गुरुवार नि शनिवार यांच्यामध्ये एक ओळ कोरी. "ही ओळ मालकाची," बाबा म्हणायचे, आणि मालक म्हणजे ते ज्या गिरणीची कीर्द लिहायचे तिचा मालक नव्हे, वरचा, हे आपल्याला लहानपणीच कळलं होतं. तूही तशीच सोडायचास.

माझा प्रश्न असा. सरकारी कचेरीतून पानावर आकडे नि शिक्के मारून आणलेल्या कीर्दीत ओळ कोरी सोडणं हा नुसता वेंधळेपणा, की कायद्याने गुन्हा? तू आता तिकडे मोठ्या कंपनीत आहेस, तुला नक्की माहीत असेल. सहज विचारते आहे. घाई नाही. पण आठवड्याभरात कळलं तर बरं.

तुझी बहीण,
नफीसा

दमियात, रविवार, १ नोव्हेंबर

वग्दी,

उत्तर आलं नाही. पोस्टाला वेळ लागतो, मला माहीत आहे, तरी रोज जिन्याखालची पेटी बघून येते.

सहज विचारते म्हणाले ते खरं नव्हतं.

बाप मागे लहान मुलं ठेवून गेला की त्यांच्या वाट्याची मोजदाद कोर्ट करतं. आमच्याकडे सोमवारी, १६ तारखेला, कोर्टाचे तपासनीस यायचे आहेत. लमई म्हणून कोणी आहेत. वखार दोघा भावांची, अर्धी-अर्धी. हुस्नीच्या खात्यावर जी शिल्लक निघेल ती मुलींची. ती काढायची माझ्या वह्यांवरून, आणि वह्या बरोबर आहेत म्हणून सही करायची मी.

म्हणून मी गेल्या वर्षाची कीर्द पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वाचताना बोट ओळीवर ठेवायची माझी सवय तुला आठवत असेल. एका पानावर बोट अडखळलं. गुरुवार संपला, लगेच शनिवार. मध्ये कोरी ओळच नाही. म्हटलं, विसरले असेन. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मग मी नुसते शुक्रवारच मोजत गेले. बावन्न शुक्रवारांतल्या सात ओळी कोऱ्या नाहीत. सातही ठिकाणी एकच मजकूर आहे: "हुस्नी यांनी रोख उचल." कुठे साडेतीनशे पाउंड, कुठे साडेपाचशे. तारीख घातलेली नाही, त्यामुळे बघणाऱ्याला ती गुरुवारचीच शेवटची नोंद वाटते. बेरीज तीन हजार एकशे पन्नास. ती वजा जाता मुलींच्या वाट्याला दोनशे चाळीस पाउंड उरतात. वर्षभर अंथरुणावर पडलेला माणूस, जिना उतरायला करीमाच्या खांद्याचा आधार लागायचा, तो वखारीत येऊन रोकड उचलून गेला!

मी तेव्हा कसं पाहिलं नाही, असं तू विचारशील. महिन्याच्या शेवटी गल्ल्यात तेवढीच रक्कम कमी असायची, कीर्दीतही तेवढीच. मेळ बसला की अल्हम्दुलिल्लाह म्हणून मी वही मिटायचे. आणि त्या सातही रकमा हुस्नीच्या खात्यावर मी स्वतः चढवल्या आहेत. बघून बघून उतरवल्या, भाजी निवडावी तशा. खतावणीतलं अक्षर माझंच आहे. ते नाकारता येत नाही.

कीर्दीतलं मात्र माझं नाही. माझ्यासारखं आहे, पण माझं नाही.

पान फाडता येत नाही, पानावर आकडा आहे. खोडता येत नाही, खोडलं तर ते मीच खोडलं असं होईल. अनाथांचा पैसा पोटात गेला तर तिथे काय पेटतं, ते बाबांनी आपल्याला एकाच चटईवर बसवून सांगितलं होतं. यांना काही बोललेले नाही.

लवकर लिही.

नफीसा

दमियात, रविवार, ८ नोव्हेंबर

वग्दी,

तुझं पत्र मिळालं. सलाम नाही, ताई नाही, एकच ओळ: "कोरी ओळ त्याच दिवशी लाल रेघेने बंद करावी, न केल्यास वही पुरावा म्हणून बाद आणि दंड." खाली सही. मी ती तीनदा वाचली. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं ना!

आता अक्षराबद्दल सांगते, नाहीतर मला झोप नाही.

लग्न झालं तेव्हा यांना आकडे धड मांडता येत नव्हते. फळी हाताने मोजून किंमत तोंडी सांगायचे. पहिल्या वर्षी मीच शिकवलं, बाबांनी आपल्याला शिकवलं तसं, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रोज फाडायच्या पानांच्या मागच्या बाजूवर. तेव्हा हसून म्हणायचे, "बायकोने शिकवलं म्हणून बाजारात सांगू नकोस हं." त्यामुळे तुझं, माझं आणि यांचं अक्षर एकाच साच्यातलं. परक्याला कळायचं नाही. मला कळतं. आपला पाच म्हणजे नुसता गोल, आणि हे तो गोल खालून वर ओढतात.

सातही ओळींत पाच आहे.

नाव लिहीत नाही. तुला कळलंच.

गुरुवारी हे मासळी घेऊन आले. मोठा बोयरा, स्वतः साफ करून आणलेला. एकवीस वर्षांत यांनी कधी मासळी साफ करून आणली नाही. जेवताना मला मुलाच्या नावाने हाक मारून म्हणाले, "उम्म हिशाम, लमई येतील तेव्हा नवीन ओढणी घे अंगावर. वखारीची मालकीण दिसायला हवी."

"मी कसली मालकीण? मी तर फुकटची कारकून."

"फुकटची?" हसले. "पाहुण्याला जेवणार की हलकं झोपणार असं विचारणाऱ्या चिक्कू गावची तू, तुला फुकटचंच गोड लागतं." मग काटा ताटाच्या कडेला ठेवत, खाली बघत, "सही तेवढी एका झटक्यात कर. थांबलीस की माणूस विचारतो, का थांबली."

यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आवाजाची मला सवय आहे. हा बोयरा मी ताटातच ठेवला.

आजकाल मी लिहायला बसले की हे समोर येऊन बसतात. माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. काल उठता उठता म्हणाले, "त्या बिस्किटाच्या डब्यात इतका कागद कशाला साठवलायस? बंब पेटवायला होईल."

"कांद्या-लसणाचा हिशेब आहे."

"वीस वर्षांपूर्वीच्या कांद्याचा?"

"कांदा महाग झाला की जुना भाव बघून बरं वाटतं," मी म्हटलं. हसले. डबा हातात घेऊन हलवून पाहिला आणि ठेवला. संध्याकाळी मी पानं काढून तांदळाच्या रांजणात तळाशी पुरली आणि डब्यात जुन्या पावत्या भरल्या.

त्या पानांवर काय आहे ते पुढच्या पत्रात लिहीन. आज धीर नाही.

नफीसा

दमियात, रविवार, १५ नोव्हेंबर

वग्दी,

उद्या लमई येणार. दुपारची नमाज झाली आहे, हे वखारीत आहेत, अस्रच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजेपर्यंत येणार नाहीत. तेवढ्यात लिहून व्हायला हवं.

शुक्रवारी वखारीला कुलूप असतं आणि तिथे तिजोरी नाही, म्हणून गुरुवारी अस्रनंतर गल्ल्याची लोखंडी पेटी घरी येते. शनिवारी सकाळी परत जाते. लग्न झाल्यापासून असंच चाललं आहे. पेटी आली की मी मोजते. मोजायला मला कोणी सांगितलं नव्हतं. घरात परकी रक्कम असताना मला चैन पडत नाही एवढंच. मोजलेला आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या पानामागे लिहिते, भाजीच्या हिशेबाखाली. इतर वारांची पानं वर्ष संपलं की चुलीत जातात, गुरुवारची ठेवते. यांना वाटतं तो कांद्याचा हिशेब. आकड्याकडे यांनी कधी पाहिलं नाही. हजारापेक्षा जास्त पानं आहेत.

गेल्या वर्षीची ती सात मी काढून पाहिली. सातही गुरुवारी संध्याकाळी पैसे पूर्ण होते. कीर्दीप्रमाणे दुपारीच उचलले गेलेले साडेतीनशे, साडेपाचशे माझ्या या बोटांनी संध्याकाळी मोजले आहेत. ते घरातून गेले शनिवारी, पेटीबरोबर, ज्याच्या हातात पेटी होती त्याच्या हाताने.

आता तुझं.

सहा वर्षांपूर्वी तुझ्या कीर्दीतही एका शुक्रवारच्या ओळीत अशीच नोंद निघाली होती. "वग्दी यांनी रोख उचल, नऊशे पाउंड." तू म्हणालास, ही ओळ माझी नाही. मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. मी कलेजी धूत होते, हाताला लसणाचा वास होता, म्हणून मी वहीला हात लावला नाही, वाकून पाहिलं. हुस्नी म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. तुमच्या भावाचंच अक्षर ना?"

तू माझ्याकडे पाहत होतास. हे खिडकीबाहेर पाहत होते.

मी पाचाचा गोल शोधला नाही, कारण नऊशेत पाच नाही. तुला आजवर हेच सांगायचं असं मी मनात घोळवत आले होते, की मला खरंच कळलं नाही, आकड्यात पाचच नव्हता. वग्दी, ते खोटं आहे. मला आकड्याची गरज नव्हती. तीन दिवसांपूर्वीच्या गुरुवारी मी पेटी मोजली होती. पैसे पुरते होते. तू काही नेलं नव्हतंस हे त्या खोलीत तुझ्याखेरीज दोघांना माहीत होतं. एक हे आणि दुसरी मी.

आणि मी "हो" म्हटलं.

तू लेखणी टेबलावर ठेवलीस, जाकीट उचललंस आणि गेलास. त्याच सोमवारी आमच्याकडे फ्रीज आला. रोखीने, हप्ता नाही. मी विचारलं, पैसे कुठले? हे म्हणाले, "तुला थंड पाणी प्यायचंय की चौकशी करायचीय?" मी थंड पाणी प्यायले. सहा वर्षं पिते आहे. तुझी लेखणी अजून मीच वापरते, नवी कशाला घ्यायची म्हणून.

हिशाम दोन वर्षांचाच असता तर भीतीने बोलले नाही असं म्हणता आलं असतं. तो चौदा वर्षांचा होता. मला भीती घर मोडायची होती. आजही तीच आहे. उद्या बोलले तर हे मला उभ्या उभ्या तलाक देऊ शकतात, आणि वखारीला दंड झाला, वह्या बाद झाल्या, तर हिशामच्या हाती काय राहील? नाही बोलले तर करीमाच्या मुलींच्या वाट्याला दोनशे चाळीस पाउंड. त्यावर माझी सही. त्या मुली मला मोठी अम्मा म्हणतात.

जिन्यात पावलं वाजतायत. शेजारी असतील. नाही, हेच आहेत.

मंगळवार, १७ नोव्हेंबर, मोठ्या पोस्टात, लाकडी बाकावर

परवाचं पत्र टाकायचं राहिलं, त्याला हे जोडते. घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

लमई साहेब ठेंगणे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. वखारीत देवदाराचा भुसा पुसून टेबल मांडलं होतं. हे, मी, करीमा. पानं मी पोटाशी बांधून नेली होती.

तासभर वह्या चाळल्यावर साहेबांनी कागद पुढे सरकवला. "इथे सही करा, बाई. वह्या तुमच्याच हातच्या ना?"

"खतावणी माझी आहे. कीर्दीतल्या सात ओळी माझ्या नाहीत."

यांची जपमाळ थांबली. "साहेब, हिची तब्येत बरी नसते. दीर गेल्यापासून मनाला लागलंय. उम्म हिशाम, चहा बघ."

"चहा झालाय," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा. "शुक्रवारची ओळ मी कोरी सोडते, साहेब. गेल्या वर्षी बावन्न सोडल्या. पंचेचाळीसच उरल्यात."

"कोरी? का?"

"वखार बंद असते."

"म्हणून ओळीलाही सुट्टी?" त्यांनी चष्मा काढला. "हे कायद्यात बसत नाही, माहीत आहे?"

"माझ्या भावाने कळवलं. उशिरा कळलं."

मग मी पाठ फिरवून ती सात पानं काढली आणि एकेक करून त्या त्या ओळीशेजारी ठेवली. साहेबांनी पहिलं उचललं. "वांगी, साबण, गल्ला... बाई, बाजारात दहा पियास्टरला वही मिळते हो."

"पानाची मागची बाजू फुकट मिळते, साहेब."

ते हसले नाहीत. पेन्सिलीने बेरजा करू लागले. सातांतल्या तिसऱ्या पानापाशी करीमा पहिल्यांदा बोलली, एवढ्या हळू की सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या आठवड्यात तर ते मन्सूऱ्याला उपचाराला होते. मी बरोबर होते."

मला वाटलं होतं हे ओरडतील. यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. हाताकडे नाही, तोंडाकडे. बऱ्याच दिवसांनी.

साहेबांनी लाल शाई मागवली आणि उरलेल्या पंचेचाळीस कोऱ्या ओळींवर एकेक रेघ ओढली. ओढता ओढता म्हणाले, "वखारीला दंड होणार. तुमचा जबाब होणार, कारण खतावणी तुम्ही लिहिलीत. कदाचित तुमच्यावरही ठपका येईल. हे ठाऊक असून का सांगितलंत?"

"मुली दोन आहेत," मी म्हटलं.

घरी येताना हे दोन पावलं पुढे होते. दाराशी जोडे काढले, एकाला एक लावून नीट ठेवले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वर्षांची पानं आहेत?"

"लग्नापासूनची."

"सगळी?"

"सगळी."

"लमईने सगळी नेली?"

"हो."

हे मी खोटं बोलले. देव माफ करो. साहेबांनी पावती देऊन बाकीची नेली, पण एक मी आधीच काढून ठेवलं होतं. आज पहाटे फज्रच्या नमाजेनंतर पाहते तो यांनी कपाटं उघडून ठेवलेली, गाद्या उलटलेल्या, आणि हे तांदळाच्या रांजणापुढे उकिडवे बसलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळात. मी चादर घेतली, दूध आणते म्हणाले, आणि इथे आले. दुधाचं भांडं शेजारी बाकावर आहे.

आताच खिडकीवर चौकशी केली. कारकून म्हणाला, "रजिस्टर? आत काय आहे, हाजा?"

"कॅलेंडरचं पान."

"यंदाचं?"

"सहा वर्षांपूर्वीचं."

"याला रजिस्टर कशाला? साध्या तिकिटावर जाईल की. पैसे वर आलेत का तुमचे?"

"नाही आले," मी म्हटलं, आणि पैसे मोजून दिले.

दूध घेऊन कुठल्या दारात जायचं ते अजून ठरलेलं नाही. करीमा म्हणाली होती, तिच्याकडे एक खाट रिकामी आहे.

पान सोबत आहे. समोरच्या बाजूला छापलंय: गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८१, मुहर्रम १५, हातूर ३, आणि पाच नमाजांच्या वेळा. मागे माझ्या हाताने, तुझ्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्या नव्हे:

कोबी, २५ पियास्टर.
कलेजी, ९० पियास्टर.
गल्ला, १,८४२ पाउंड ३५ पियास्टर. पूर्ण.